बोलणं थांबलेल्या आईचं म्हणणं कसं ओळखायचं?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आई ७९ वर्षांची. अल्झायमरचं निदान होऊन सात वर्षं झाली आणि गेल्या दीड वर्षात बोलणं जवळजवळ थांबलं. आंघोळीच्या वेळी मारते, जेवताना तोंड फिरवते, संध्याकाळी चादर चिमटत बसते. तुम्ही देहबोलीवरचं बरंच वाचलंत. हाताची घडी म्हणजे विरोध, नजर चुकवली म्हणजे काहीतरी लपवतेय, असे तक्ते पाहिलेत, पण त्यातलं काहीच आईला लागू पडेना. आणि शेवटी एका ओळीत विचारलंय, "ती मला ओळखते का, हे तरी कळू शकेल का?"

मी २४ वर्षं परिचारिका आहे. त्यातली शेवटची १६ वर्षं पुण्यात घरोघरी जाऊन स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांची देखभाल करते आणि घरच्यांना ती शिकवते. तुमच्या शेवटच्या ओळीकडे मी शेवटीच येईन, कारण तिचं उत्तर बाकीच्या गोष्टी कळल्यावरच नीट समजतं.

ते तक्ते आधी बाजूला ठेवा. पंखा जोरात असेल तर म्हातारं माणूस हाताची घडी घालून बसतं, कारण त्याला थंडी वाजते. खांदा आखडला असेल तर दुसऱ्या हाताने तो कोपर धरून ठेवतं, आणि लांबून तीही घडीच दिसते. एका हालचालीला एक अर्थ, असा कोश कोणत्याच माणसासाठी तयार झालेला नाही. बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के असतो, हे वाक्यही तुम्ही वाचलं असणार. ते आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ मधल्या प्रयोगांतून आले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या आवाजांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायला सांगितलं होतं. सगळ्या बोलण्याला ते लागू नाहीत, असं खुद्द त्यांनीच सांगितलंय. हे एवढ्यासाठी लिहिते की असं वाचून घरचे लोक स्वतःला दोष देतात, "९३ टक्के समोर दिसत असताना मला का कळत नाही?" तुमचं काही चुकत नाहीये.

तुम्हाला लागणार आहे तो तुमच्या आईचा कोश. तो तुम्हालाच लिहावा लागेल, आणि त्याची सुरुवात ती निवांत असते त्या वेळेपासून करायची. आपण सगळे त्रास सुरू झाल्यावर माणसाकडे बघायला लागतो. मी नव्या घरी गेले की पहिले तीन-चार दिवस सकाळच्या चहानंतरची दहा मिनिटं नुसती बसते. कपाळ कसं आहे, श्वास किती संथ आहे, हात कुठे आहेत, मुठी उघड्या की मिटलेल्या, पायाची बोटं सैल की आवळलेली, नजर कुठे टेकते. काही माणसांच्या कपाळावर जन्माच्या आठ्या असतात आणि काहींची हनुवटी कायम थरथरते. हे एकदा वहीत उतरलं की मग काय बदललं ते डोळ्यांना आपोआप दिसतं. एकटी आठी काहीच सांगत नाही. रोज नसणारी आठी, तिच्या जोडीला आखडलेला श्वास, आणि तेही ठरावीक कुशीवर वळवतानाच, असं असेल तर ते जवळजवळ वाक्य झालं.

दुखणं ओळखण्यासाठी आम्ही 'पेनॅड' नावाची एक मोजपट्टी वापरतो. ती २००३ मध्ये खास बोलता न येणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी तयार झाली. पाच गोष्टी बघायच्या: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंगाची ठेवण आणि समजूत घातल्यावर माणूस शांत होतं का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. चुळबुळ किंवा ताणलेलं अंग असेल तर एक. अंग ताठरलेलं, मुठी आवळलेल्या, गुडघे पोटाशी ओढलेले, हात ढकलणं किंवा मारणं असेल तर दोन. म्हणजे तुम्ही ज्याला 'आई मारते' म्हणता, ते या पट्टीत दुखण्याच्या खात्यात मोडतं. पाच मिनिटं बघायचं, आणि फक्त स्वस्थ पडलेलं असताना बघायचं नाही. उठवताना, कूस बदलताना, कपडे घालताना बघा, कारण सांध्याचं दुखणं हालचालीतच उघडं पडतं.

या पट्टीची एक उणीव मात्र ध्यानात ठेवा. भावशून्य चेहऱ्याला ती शून्य गुण देते. पार्किन्सन किंवा त्या जातीचा स्मृतिभ्रंश असेल तर चेहऱ्याचे स्नायूच हलेनासे होतात, मुखवटा चढवल्यासारखे. आत कितीही दुखत असलं तरी चेहरा कोराच राहतो. अशा माणसाचे मी हात, पाय आणि श्वास बघते आणि चेहऱ्यावर भिस्त ठेवत नाही.

आता जेवणाचं. कोथरूडमध्ये एका घरी ८२ वर्षांच्या आजी होत्या. महिनाभरात अंग पार उतरलं होतं. तीन घास घेतले की चमचा ढकलायच्या. नातेवाईक सुनेला बोल लावत होते की भरवायला हिला धीर नाही. मी समोर स्टूल घेऊन बसले आणि सुनेला म्हटलं, रोजच्यासारखं भरवा. वरणभाताचा पहिला घास आजींनी आपणहून तोंड उघडून घेतला, म्हणजे भूक होती. चावायला सुरुवात केली त्या क्षणी उजवा डोळा बारीक झाला आणि खांदा कानाकडे उचलला गेला. घास त्यांनी डाव्या गालात नेऊन तिथेच धरून ठेवला. दुसऱ्या घासाला तेच. तिसऱ्या घासाला हात वर आला. सगळ्यांना वाटायचं तो चमच्याकडे येतो, पण तो जबड्याकडे चालला होता आणि चमचा वाटेत येत होता. बॅटरी लावून खालची कवळी काढली. खाली उजव्या हिरडीवर मसुराएवढी लालबुंद जखम. वजन घटल्यावर कवळी सैल झाली होती आणि प्रत्येक घासाला तिथेच घासत होती. काही दिवस कवळीशिवाय मऊ जेवण दिलं, दंतवैद्याकडून कवळी दुरुस्त करून घेतली, आणि आजी जेवायला लागल्या. सून त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन रडली. तिला महिनाभर जे ऐकावं लागलं त्याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तोंड फिरवणं नेमकं कधी होतं ते बघा. घास दिसताच ओठ घट्ट मिटत असतील तर भूक नसेल, मळमळत असेल किंवा शौचाला साफ झालं नसेल. घास तोंडात गेल्यावर चेहरा बदलत असेल तर दात, हिरडी, जीभ बघा. गिळताना ठसका लागत असेल किंवा गिळल्यावर आवाज ओला, घोगरा येत असेल तर अन्न श्वासनलिकेकडे जातंय. तेव्हा आग्रह करून भरवू नका. बसवून, हनुवटी जराशी खाली ठेवून, छोटे घास द्या आणि गिळण्याची तपासणी करून घ्या.

दुखण्याला उपचार दिला की 'वागणं' बदलतं, हे नॉर्वेत नीट तपासलं गेलंय. तिथल्या १८ नर्सिंग होममधल्या ३५२ रुग्णांवरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम ते तीव्र स्मृतिभ्रंश आणि चिडचिड-मारहाण, असे हे रुग्ण. त्यांच्यातल्या एका गटाला आठ आठवडे पायरीपायरीने वेदनाशामक औषधं दिली, बहुतेकांना नुसतं पॅरासिटामॉल. त्या गटातली अस्वस्थता दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १७ टक्के उतरली. झोपेच्या गोळीआधी डॉक्टरांना विचारा, "हिला कुठे दुखत असेल का? वेदनाशामक देऊन बघायचं का?" मात्रा त्यांनाच ठरवू द्या, यकृत आणि मूत्रपिंड बघून.

यातली माझी स्वतःची एक चूक सांगते. घरी जाऊन काम करायला लागून तिसरंच वर्ष होतं. एसटीतून निवृत्त झालेले एक आजोबा होते. दोन दिवस संध्याकाळ झाली की लेंग्याची नाडी ओढायचे, उठायचे, दोन पावलं टाकायचे, परत बसायचे. मी वहीत लिहिलं, 'संध्याकाळचा अस्वस्थपणा'. दिवेलागणीला असं होतं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं आणि मला ते ओळखल्याचं समाधानही वाटलं. शांत करणारी गोळी लिहून दिलेली होती, ती दिली. डायपर थोडी थोडी ओली होत होती, म्हणून लघवीची शंकाच आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कपडे बदलताना ओटीपोटावर हात पडला आणि तिथे नारळासारखं घट्ट लागलं. कॅथेटर घातल्यावर लिटरभर लघवी निघाली. मूत्राशय भरून वाहत होतं, तेवढंच डायपरमध्ये येत होतं. दोन दिवस ते मला नाडी धरून दाखवत होते. तेव्हापासून हात कुठे जातो, ते मी सगळ्यांत आधी बघते. हात कानाशी, जबड्याशी, पोटाशी, मांडीच्या सांध्याशी वारंवार जात असेल तर तिथे तपासल्याशिवाय 'अस्वस्थपणा' हा शब्द मी लिहीत नाही.

आणि आता चादर. याच्यावर थोडं थांबते, कारण एकाच हालचालीचे दोन अगदी वेगळे अर्थ इथे मी पाहिले आहेत.

सातारा रस्त्यावरच्या एका घरी आजी दुपारभर चादरीचा काठ अंगठा आणि तर्जनीत धरायच्या, पीळ द्यायच्या, सोडायच्या, पुढची जागा धरायच्या. घरच्यांना ते बघवत नव्हतं, म्हणून ते हात बाजूला करायचे आणि आजी चिडायच्या. मी दोन दुपारी बघितलं. बोटांना एक लय होती. श्वास संथ, कपाळ सैल, ओठ हलत होते. मुलीला विचारलं, आई पूर्वी काय करायच्या? ती म्हणाली, वाती. दर चातुर्मासात लाखाची वात व्हायची घरात. दुसऱ्या दिवशी कापूस नेला. आजींनी तो हातात घेतला, चिमूटभर ओढला आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर बोटांनी सरकी शोधली. दुकानातल्या कापसात सरकी कुठली? पण बोटं शोधत राहिली, समाधान झालं, मग तळहातावर पसरून मधे पीळ दिला. वाकडीतिकडी, पण फुलवातच होती ती. (कापूस दिलात तर शेजारी बसा, तोंडात जाऊ शकतो.) तुमच्या आईचे हात आयुष्यभर काय करत होते? धान्य निवडणं, शेवया, विणकाम, शिवण, टाइपरायटर, शाळेचे पेपर तपासणं? संध्याकाळची बोटं त्याच्याशी ताडून बघा.

दुसरा अर्थ धोक्याचा आहे. चादर चिमटणं काल नव्हतं आणि आज एकदम सुरू झालं. बोटांना लय नाही. हवेतलं काहीतरी वेचल्यासारखं करते. मधेच गुंगीत जाते, मधेच दचकते. हाक मारली तर नजर क्षणभरही टिकत नाही. हा तीव्र भ्रम आहे, ज्याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. तो तासा-दिवसांत येतो आणि मागे काहीतरी कारण असतं: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, मळ तुंबणं, नुकतंच सुरू केलेलं औषध. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एरवी चुळबुळ करणारं माणूस अचानक फारच शहाण्यासारखं गप्प पडून राहायला लागलं, तरीही दाखवा. या शांत प्रकाराकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं, कारण घरच्यांना वाटतं, चला, आज त्रास नाही दिला.

माझी मुलगी भरतनाट्यम शिकत होती तेव्हा घरी आठ सात्त्विक भाव पाठ करायची: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. थिजणं, घाम, काटा, आवाज फुटणं, कापरं, रंग उतरणं, पाणी, शुद्ध हरपणं. ऐकता ऐकता माझ्या मनात आलं, यातलं कितीतरी तर मी रोज तक्त्यावर लिहिते. अंग हे आपोआप करतं, त्याला बोलता येण्याची गरज नसते. आईला मधुमेहाची औषधं चालू असतील आणि एकदम घाम, कापरं, चिडचिड दिसली, तर मूड समजू नका, लगेच ग्लुकोमीटरने साखर बघा. ७० च्या खाली असेल आणि आई शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरांना फोन करा. गुंगीत असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा. घाम आणि पांढरा पडलेला चेहरा, श्वास लागलेला, असं असेल तर हृदयाची शंका धरून निघा.

आंघोळ. तुम्ही लिहिलंय, कपडे काढायला लागलं की आई मारते. मला वाटतं, ती लाजते आणि घाबरते. परक्या वाटणाऱ्या कोणीतरी येऊन गाऊन ओढला, गार फरशीवर बसवलं आणि डोक्यावर तांब्या ओतला, तर तुम्ही-आम्हीही हात उगारू. तिचे हात आधी छातीशी जातात का, मग उगारले जातात का, ते बघा. अंग चोरणं हा पहिला शब्द असतो आणि मारणं शेवटचा. मधल्या पायऱ्या पंधरा-वीस सेकंदांत होऊन जातात: खांदे आत, हनुवटी खाली, पायाची बोटं आवळलेली, श्वास रोखलेला. पहिल्याच पायरीला थांबलात तर शेवटची येतच नाही. मोरी आधी गरम पाण्याच्या वाफेने उबदार करा. खांद्यावर मोठा पंचा किंवा जुनी सुती साडी राहू द्या आणि तिच्या आतूनच धुवा. पाणी आधी पायांवर, मग हातांवर, डोकं अगदी शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. तांब्या तिच्या हातात देऊन तुमचा हात खालून लावा. एखाद्या दिवशी अंथरुणातच ओल्या, गरम पंच्याने पुसलं तरी चालतं. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये ही पद्धत तपासली गेली, २००४ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि आंघोळीच्या वेळची मारहाण निम्म्याहून जास्त कमी झाली होती.

मानेच्या होकारावर फार विसंबू नका. "पोट दुखतंय का?" म्हटल्यावर मान हलली, तर थोड्या वेळाने विचारा, "पोट बरं आहे ना?" दोन्हीला हो आलं, तर ती तुमच्या आवाजाला मान देते आहे, प्रश्नाला नाही.

कारण तीही तुम्हाला वाचते. शब्द गेल्यावर ही माणसं आपला चेहरा, आवाज, हाताचा दाब यांवर जगतात. तुम्ही घाईत असलात की तिचा श्वास वाढतो. मागून किंवा बाजूने हात लावू नका, तो तिला उशिरा दिसतो. समोरून या, खाली बसा, तुमचे डोळे तिच्या डोळ्यांच्या किंचित खाली असू द्या, तळहात उघडा पुढे करा आणि तिने हात देईपर्यंत थांबा. हे थांबणं अवघड असतं. मनात दहा अंक मोजा.

आता ओळखण्याचं. आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते, २०१४ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. थोड्याच वेळात त्यांना आपण काय पाहिलं ते आठवेना, पण त्यातून आलेलं दुःख किंवा आनंद अर्ध्या तासापर्यंत टिकला. नाव, नातं, 'ही माझी मुलगी' हे वाक्य आईकडे कदाचित उरलं नसेल. खोटी आशा मी देणार नाही. पण तुमच्या असण्याने तिच्यात काय होतं, हे तिच्या अंगावर दिसतं आणि ते तुम्ही तपासू शकता. तुम्ही खोलीत येण्याआधीचं एक मिनिट आणि आल्यानंतरचं एक मिनिट, वहीत लिहा. श्वास उतरतो का, मुठी सुटतात का, नजर दुसऱ्या कोणापेक्षा तुमच्यावर जास्त वेळ टेकते का. आठवडाभर लिहा.

आणि तुमच्या पत्रात मधेच एक ओळ आहे, ती तुम्ही जाता जाता लिहिलीत. तुम्ही शेजारी बसलात की आई तुमच्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशींच्या पदराला ती तसं करते का, हे त्यांना आज संध्याकाळी विचारा, आणि वहीच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवा.